स्वयंपाकघराची फरशी बदलताना लेव्हल आधी ठरवावी

फ्लॅटमधील स्वयंपाकघराची फरशी बदलायची ठरली की बहुतेक कुटुंबे प्रथम टाइलच्या दुकानात जातात आणि रंग, नक्षी व भाव पाहून निवड करतात. वास्तविक त्याआधी एक आकडा हाती असायला हवा, तो म्हणजे नवी फरशी हॉलच्या फरशीपेक्षा किती मिलिमीटर वर किंवा खाली येणार आहे. जळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये हा हिशेब न करताच जुन्या मोझॅकवर टाइल बसवल्या गेल्या. 9 मिलिमीटरची टाइल आणि तिच्याखालचे 4 मिलिमीटर केमिकल (टाइल चिकटवायचा लगदा) मिळून दारात अर्ध्या इंचाची पायरी तयार झाली. इतकी कमी उंची चालताना ध्यानात येत नाही. आईला तिथे दोनदा ठेच लागली, तेव्हा कुठे आम्ही ग्रॅनाइटची उतरती पट्टी बसवून घेतली.

लेव्हल काढण्यासाठी हॉलच्या फरशीपासून बरोबर 1 मीटर उंचीवर खूण करावी आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने ती स्वयंपाकघराच्या चारही भिंतींवर व ड्राय बाल्कनीच्या दारापर्यंत फिरवून घ्यावी. मग त्या रेषेपासून खाली जुन्या फरशीपर्यंत प्रत्येक कोपऱ्यात मोजावे. अंतर जिथे सर्वांत कमी भरते, तिथे फरशी सर्वांत उंच असते, आणि जुन्या फरशीवरच काम करायचे असेल तर नवी लेव्हल तिथूनच धरावी लागते. धुणीभांड्याची बाल्कनी किंवा मोरी स्वयंपाकघरापेक्षा किमान 10 ते 12 मिलिमीटर खाली राहील आणि तिला जाळीकडे दर मीटरला सुमारे 10 मिलिमीटर ढाळ मिळेल, असे पाहावे. स्वयंपाकघराची फरशी मात्र सपाटच हवी, नाहीतर फ्रिज आणि पाट डगमगतात.

जुनी फरशी ठेवायची की काढायची, हे लाकडी दांड्याने ठोकून ठरवावे. बऱ्याच ठिकाणी पोकळ आवाज आला तर ती काढणेच योग्य. मोझॅक आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा मसाला मिळून बहुधा 50 ते 60 मिलिमीटर निघतात, त्यामुळे हॉलशी समपातळी साधायला जागा मिळते. वरून मसाल्याचा जाड थर टाकून लेव्हल वाढवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो बिनविचार मानू नये, कारण 80 चौरस फुटांवर 5 सेंटिमीटर मसाला म्हणजे स्लॅबवर सुमारे 750 किलोंचा नवा भार होतो. फोडकाम करताना खालचे वॉटरप्रूफिंग आणि पाइप दुखावू शकतात, म्हणून खालच्या मजल्यावरील कुटुंबाला आधी कळवावे आणि नवे वॉटरप्रूफिंग केल्यावर मोरीत 48 तास पाणी साठवून पाहावे. ओटा तोच राहणार असेल तर फरशी जितकी वर येईल तितका तो ठेंगणा होतो, दाराचे पल्लेही खालून कापावे लागतात.

आता टाइल. जमिनीसाठी व्हिट्रिफाइडच घ्यावी. ती जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते. भिंतीची सिरॅमिक टाइल त्याच्या कितीतरी पट शोषते, म्हणून स्वस्त मिळाली तरी ती जमिनीवर लावू नये. आपल्याकडे काळ्या मसाल्याच्या भाज्यांची तर्री आणि फोडणीचे तेल जमिनीवर उडतेच, अशा वेळी चकचकीत टाइलवरून पाय घसरतो. मॅट आणि आर 10 दर्जाची (हा पाय न घसरण्याचा दर्जा) टाइल अधिक सुरक्षित. बोअरचे पाणी जड असेल तर गडद रंगावर पांढरे डाग ठळक दिसतात. नमुन्याची एक टाइल घरी आणून तिच्यावर हळद-तेल रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुसून पाहावे. कोटा दगड थंड असतो आणि कुरडया-पापड करायला जमिनीवर बसणाऱ्या घरांना तो फार सोयीचा वाटतो. परंतु तो चुनखडीचा असल्याने लिंबू-चिंचेने त्याची झिलई जाते, शिवाय जाडी 20 ते 25 मिलिमीटर असल्याने लेव्हलचा हिशेब बदलतो. पेट्या घेताना सर्वांवर बॅच आणि शेड एकच आहे ना, हे तपासावे व 10 टक्के माल जास्त घ्यावा.

खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात केमिकलवर काही मिनिटांतच साय धरते आणि टाइल वरवर चिकटल्यासारखी दिसली तरी पुढे सुटते. म्हणून काम सकाळी करावे, थोड्याच जागेवर केमिकल पसरावे आणि बोटाला ते चिकटते आहे तोवरच टाइल बसवावी. सिमेंटच्या मसाल्याचा थर असल्यास तो ओल्या पोत्यांनी 7 दिवस झाकून ठेवावा. टाइलच्या पाठीला पाच ठिकाणी गोळे लावून बसवण्याची पद्धत टाळावी, दातेरी पट्टीने सगळीकडे केमिकल पसरावे. खाली पोकळी राहिलेली टाइल खलबत्त्याच्या एका घावाने फुटते. सांधे 2 ते 3 मिलिमीटरचे ठेवून इपॉक्सी ग्राउटने भरावेत, म्हणजे हळदीचे डाग मुरत नाहीत, आणि भिंतीलगत 5 मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली झाकावी. ग्राउट भरण्याआधी प्रत्येक टाइल ठोकून पाहावी, पोकळ आवाज येणारीवर खडूने खूण करावी आणि ती मिस्त्रीकडून बदलून घेतल्यावरच पुढचे पैसे द्यावेत.