आफ्रिकेवर शोधनिबंध लिहायचाय? माणूस धरा

आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करणारी मुलं ‘भारत-आफ्रिका संबंध’ असा अवाढव्य विषय घेतात आणि दुसऱ्या सत्रात मार्गदर्शकाची दारं झिजवतात. माझा सल्ला ठरलेला आहे: खंड सोडा, माणूस धरा. मी टांझानियाचे सलीम अहमद सलीम धरले, आणि संयुक्त राष्ट्रांत खरं काय चालतं ते पाठ्यपुस्तकांपेक्षा त्यांच्या कारकिर्दीतून जास्त उमगलं.

जन्म १९४२, झांझिबार. बावीस वर्षांचे असताना इजिप्तमध्ये राजदूत, लगेच पुढे दिल्लीत उच्चायुक्त. १९७० ते ८० न्यूयॉर्कला स्थायी प्रतिनिधी, १९७९ मध्ये आमसभेचे अध्यक्ष, १९८० पासून परराष्ट्रमंत्री, नंतर पंतप्रधान. एवढी यादी कुणालाही मिळते, तिच्यावर पानं खर्च करू नका. पानं राखून ठेवा १९७१ आणि १९८१ साठी.

२५ ऑक्टोबर १९७१ ला आमसभेने ७६ विरुद्ध ३५ मतांनी तैवानच्या सरकारऐवजी पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) सरकारला चीनची जागा दिली. सलीम या ठरावाच्या बाजूने आघाडीवर होते, आणि निकालानंतर सभागृहात झालेला जल्लोष अमेरिकनांना झोंबला. तिथे त्यांचे राजदूत होते थोरले जॉर्ज बुश. दहा वर्षांनी सलीम महासचिवपदासाठी उभे राहिले तेव्हा बुश उपाध्यक्ष झाले होते. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून अमेरिकेने सलीमना अडवलं, आणि चीनने तिसऱ्यांदा उभे राहिलेले तेव्हाचे महासचिव कुर्ट वाल्डहाइम यांना. मतदानाच्या सोळा फेऱ्या झाल्या तरी गाडा हलेना. शेवटी डिसेंबरमध्ये परिषदेचे अध्यक्ष असलेल्या युगांडाच्या ओलारा ओटुन्नू यांनी दोघांनाही बाजूला व्हायला राजी केलं आणि पेरूचे पेरेझ दे क्वेयार निवडून आले.

मात्र ‘जल्लोषाचा सूड’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. परीक्षक तिथेच पकडतात. सलीम १९७२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतमुक्ती समितीचे अध्यक्ष होते, दक्षिण आफ्रिकेतल्या वंशवादी राजवटीविरुद्ध सतत बोलत होते. रेगन प्रशासनाला ते नको असण्याला हेही कारण पुरेसं होतं. माझ्या मते जास्त वजन याच कारणाला द्यावं, जल्लोषाची गोष्ट कितीही रंगतदार असली तरी.

कागदांचं म्हणाल तर आमसभेच्या बैठकांचे शब्दशः वृत्तांत संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट आहेत. २५ ऑक्टोबरची बैठक १९७६ क्रमांकाची. हा आकडा साल समजून पुढे जाऊ नका. महासचिव निवडीचं मतदान मात्र बंद दाराआड होतं, त्यामुळे तिथे वर्तमानपत्रं, आठवणी आणि खुले झालेले सरकारी दस्तऐवज एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. मुंबईत असाल तर कलिन्याला विद्यापीठाचं आफ्रिकाविषयक अध्ययन केंद्र आहे, तिथे चक्कर मारा. किस्वाहिली आली तर उत्तमच, पण या विषयाचा बराचसा कागद इंग्रजीत आहे, तेव्हा भाषेच्या भीतीने विषय टाकू नका.