पावसात गाडी चालवताना या चुका टाळा

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. किती जणांना सांगून झालं, तरी दर पावसाळ्यात कुणीतरी हेच करतं. एका सहकाऱ्याची गाडी पुलाखालच्या पाण्यात बंद पडली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. "राहू दे, ढकलू" म्हणेपर्यंत त्याने सेल्फ मारलाच. इंजिन क्षणभर सुरू झालं, ठाक् असा आवाज आला आणि जाम झालं. हवेच्या पाइपातून सिलिंडरमध्ये पाणी शिरलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून नेऊन आधी पाणी काढलं असतं, तर इंजिन वाचण्याची शक्यता होती. पाच मिनिटं दम न धरल्यामुळे सगळं इंजिन खोलावं लागलं.

पाणी वाहतं असेल तर मी गाडी घालतच नाही. साधारण ३० सेंटीमीटर वाहत्या पाण्यातही लहान गाडी तरंगू शकते. "पुढचा गेला की!" हे मला सांगू नका. त्याची गाडी किती उंच आहे ते बघा, आणि पाण्याखाली रस्ता शाबूत आहे का हे त्यालाही माहीत नसतं.

दुसरी चीड आणणारी सवय म्हणजे धो धो पावसात चारही इंडिकेटर लावून पळणं. मागच्याला कळत नाही की तुम्ही वळताय, थांबलाय की चाललाय. हेडलाइट लो बीमवर लावा, म्हणजे मागचे दिवेही लागतात. चार इंडिकेटर गाडी उभी केल्यावर.

स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर टायर पाण्यावर तरंगतोय. ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. घासलेल्या टायरला हे कमी वेगातही होतं. कायद्याची १.६ मिलिमीटरची मर्यादा येईपर्यंत मी थांबत नाही, नक्षीची खोली ३ मिलिमीटरवर आली की टायर बदलतो.

पहिल्या सरीत रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण साचलेलं तेल वर येतं.

काच आतून धुरकटली तर फडकं फिरवत बसू नका, एसी लावून हवा काचेवर सोडा.

दुचाकीवाल्यांनी पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं यांवर ब्रेक मारू नये.

पाण्यातून बाहेर आलात की हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलके दाबा, ते सुकतात. पकड नीट आल्याशिवाय वेग वाढवू नका.