कान दोन, दगड एक

प्रदर्शनात दगडी कानातल्यांच्या माझ्या टेबलापाशी थांबून हे काम शिकू पाहणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिला प्रश्न एकच विचारते, "ताई, ही चमक कशी आणता?" चमक आणणं सोपं आहे. ते काम दगड घोळवत फिरणारा ड्रम करतो, तेही आपण झोपलेलो असताना. अवघड आहे ते जोडी लावणं. अंगठीला एक दगड पुरतो, गळ्यातल्या पदकाला एक पुरतो. कानांना दोन लागतात, आणि नदीनं दोन दगड सारखे घडवलेले मी अजून पाहिले नाहीत. हे कळेपर्यंत माझी दोन वर्षं गेली आणि बरेच पैसेही.

माझं माहेर नेवाशाजवळचं, प्रवरेच्या काठचं. लहानपणी दिवे गेले की आम्ही भावंडं दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आत पेटणारा पिवळट उजेड बघत बसायचो, मग नाकाशी धरून तो जळकट वास घ्यायचो. आपल्या नदीतले दगड इतके जुने आणि नावाजलेले आहेत हे फार पुढे कळलं. नेवाशाला १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं, तेव्हा याच गोट्यांतून काढलेली अश्मयुगातली हत्यारं सापडली. पैठणहून पट्टेदार दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जात, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे दगड घासून विकणं ही काही माझी नवी कल्पना नव्हे. लोकांना तसं वाटतं, आणि मीही ते वाटू देते.

हे दगड आपल्याकडेच का, तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत सिलिका थरावर थर बसत गेली आणि अकीक तयार झाला. काळा कातळ झिजतो, आतला अकीक तितका झिजत नाही, म्हणून तो सुटून नदीपात्रात येतो. बाहेरून मात्र तो ओबडधोबड, मळक्या बटाट्यासारखा दिसतो. ओला करून उन्हात धरा. कडेनं उजेड आत झिरपताना दिसला तर उचला. आणि उचलताना जागा बघा. राखीव जंगल, किल्ले, लेणी इथून खडाही आणायचा नाही. शेतातल्या विहिरीच्या खोदाईचा ढीग असेल तर मालकाला विचारा, तो बहुतेक हसून "न्या की पोतंभर" म्हणतो.

पोतंभर आणलेल्यातलं सगळं चालत नाही. साधी चाचणी अशी की स्टीलच्या चाकूचं टोक दगडावर जोरात ओढायचं. ओरखडा उठला तर तो दगड आपल्या कामाचा नाही. अकीक आणि त्याच्या कुळातले कॅल्सेडनी, जास्पर यांचा कठीणपणा दहापैकी साडेसहा ते सात असतो, चाकू त्यांच्यावर उलट करडी रेघ सोडतो. मी ही चाचणी न करता एका विहिरीतून मिळालेले सुंदर गुलाबी स्टिल्बाइटचे स्फटिक अकिकाबरोबर ड्रममध्ये टाकले. आठवड्यानं झाकण उघडलं तर स्फटिक नव्हतेच, गुलाबी चिखल होता. झिओलाइटच्या कुळातले हे दगड मऊ असतात आणि थरांवर फुटतात. ते बघायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा, एक अख्खा दिवस काढून.

आता ड्रम. माझा पहिला रबरी ड्रम जेमतेम किलोभर दगडांचा होता. ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरायचा, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खालीपर्यंत. अर्धवट भरला तर दगड एकमेकांवर आपटून टवके उडतात, गच्च भरला तर घरंगळतच नाहीत. पहिला आठवडा ८० नंबरची, म्हणजे भरड, सिलिकॉन कार्बाइडची पूड, दुकानदार हिला कार्बोरंडम म्हणतो. दुसरा आठवडा त्याहून बारीक २२०, तिसरा आणखी बारीक ५००, मग पॉलिशची पूड. महिना धरून चाला. पहिला टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आकार तिथंच येतो. खड्डा राहिला असेल तर तो दगड पुढच्या घाण्यात पुन्हा ८० नंबरला घाला, पुढे ढकलू नका. दोन टप्प्यांच्या मधे दगड आणि ड्रम जुन्या टूथब्रशनं धुवायचे. ८० नंबरचा एक कण पॉलिशमध्ये राहिला की महिन्याच्या कामावर ओरखडे. माझे तीन घाणे असे गेले.

धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. त्यातला गाळ पाइपात सिमेंटसारखा बसतो. मी ओतलं, आणि पावसाळ्यात प्लंबर येऊन पाइप कापून गेला. सासूबाई त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. आता बादलीत गाळ बसू देते, वरचं पाणी निथळून घेते आणि खालचा लगदा वाळवून कचऱ्यात टाकते.

इथपर्यंत सगळं पुस्तकी होतं. पहिल्या नीट जमलेल्या घाण्यातून दोनशे दहा चकचकीत दगड निघाले. मला वाटलं, एकशे पाच जोड्या! मी ते ताटात पसरले आणि जोड्या लावायला बसले. संध्याकाळपर्यंत मनासारख्या लागल्या अकरा. रंग जुळला तर आकार नाही, आकार जुळला तर एक जाड, एक चपटा. वजनाकडे तर मी बघितलंच नव्हतं. ते एका गिऱ्हाईक मावशींनी दाखवलं. त्यांनी कानातली घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहेत गं, पण डावा कान ओढतोय."

त्या दिवशी मी सोनारी काटा घेतला. अकिकाची घनता पाण्याच्या २.६ पट. २० मिमी लांब, १५ रुंद आणि ६ जाड असा बदामी दगड साधारण अडीच ग्रॅम भरतो. तोच ३० लांब, २० रुंद, १० जाड केला की आठ ग्रॅमच्या वर जातो. ताटात हा फरक "जरासा मोठा" इतकाच दिसतो, कानाच्या पाळीला तो तिप्पट असतो. मी माझ्यापुरता नियम केलाय. हुकासकट एका कानाला पाच ग्रॅमच्या आत, आणि दोन कानांतला फरक पाव ग्रॅमच्या आत. ज्यांच्या आज्यांनी भोकरं आणि झुबे घालून पाळ्या लोंबवून घेतल्या, त्यांच्या नातींना हे समजावून सांगावं लागत नाही.

ड्रममधून जोड्या मिळत नाहीत हे मान्य केलं तेव्हा गुजरातेत खंबातला गेले. अकिकाच्या कामाचं ते शेकडो वर्षांचं गाव. दगड तिथला नव्हे, तो भडोच जिल्ह्यातल्या झगडियाकडच्या रतनपूरहून येतो. पिवळट दगड उन्हात वाळवून मडक्यांत राखेत भाजतात, आतल्या लोहामुळे तो लालबुंद होतो. एका घराच्या ओसरीवर बसलेले चाचा जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाला दगड टेकवून शिंगाच्या हातोडीनं टिचकी मारल्यासारखे मारत होते, आणि नको तेवढाच टवका उडत होता. मी त्यांना जोडीचं विचारलं. त्यांनी एक गोटा उचलला, मधोमध कापून आणलेला, आणि दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडून माझ्यासमोर धरले. डाव्या पानावरचे पट्टे उजव्या पानावर आरशातल्यासारखे. "जोडी ढूंढते नहीं, काटते हैं," एवढंच म्हणाले.

तिथून परतताना एक गोष्ट मनातून जात नव्हती. त्या गल्ल्यांत खोकणारी माणसं फार आहेत. दगडाची कोरडी धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. म्हणून हे वाक्य दोनदा वाचा: कापणं, घासणं, भोक पाडणं, काहीही कोरडं करायचं नाही. पाणी हवंच, वर चांगला मास्क, आणि काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसायचं. घरात लहान मूल असेल तर हे काम स्वयंपाकघरात मांडूच नका.

आता मी गोटा पाण्यावर चालणाऱ्या हिऱ्याच्या पात्यानं कापते. साधा टाइल कापायचा कटर, पाण्याच्या ट्रेसकट. चार-चार मिमीच्या चकत्या काढते. लागून असलेल्या दोन चकत्यांची आमनेसामनेची तोंडं म्हणजे जोडी. दोन्हींवर एकाच साच्यानं, पण एक उलटा ठेवून आकार आखायचा. कडा आधी हातानं घासून घ्यायच्या, मग ड्रम. कच्चा माल जास्त वाया जातो, पण एका मुठीएवढ्या गोट्यातून पाच-सहा जोड्या निघतात आणि सगळ्या खऱ्या.

भोकाबद्दल सविस्तर सांगते, कारण इथं रडू येतं. एक मिमीची हिऱ्याची ड्रिल, दगड पाण्याच्या थाळीत लाकडावर टेकवलेला. दाबायचं नाही, चिमणीनं दाणे टिपावेत तसं टेकवायचं-उचलायचं. अर्ध्यापर्यंत एका बाजूनं, मग उलटून दुसऱ्या बाजूनं. एकाच बाजूनं आरपार गेलात की पलीकडे टवका उडतो, आणि तो नेमका दर्शनी बाजूला उडतो. कडेपासून निदान तीन मिमी आत.

हे सगळं जमल्यावर मी दहा जोड्या केल्या, मैत्रिणीला घालायला दिल्या, आणि सगळे दगड तिच्या गालाकडे तोंड करून उभे राहिले! समोरून नुसती कड दिसत होती. कारण अगदी साधं. भोक समोरून मागे आरपार असेल आणि हुकाला एकच कडी घातली, तर दगड काटकोनात फिरतो. उपाय दोनच. एक तर दोन कड्या घाला, नाही तर पक्कडीनं हुकाचा खालचा डोळा पाव फेरा वळवून घ्या. दहा सेकंदांचं काम, पण ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

हुकाला ०.८ मिमीची तार पुरते. स्वस्त मुलाम्याच्या हुकात बहुधा निकेल असतं आणि कान चिघळतात. मी सर्जिकल स्टील किंवा ९२.५ची चांदी वापरते. चांदी काळी पडते हे आधीच सांगून टाकते. टॉप्स करायचे तर मागची चकचकीत बाजू पॉलिशपेपरनं खरखरीत करा, स्पिरिटनं पुसा आणि दोन नळ्यांचा इपॉक्सी लावून चोवीस तास हात लावू नका. झटपट चिकटणारा गोंद चार महिन्यांत सुटतो, फिरकी कानात राहते आणि दगड रिक्षात.

बाजारातून तयार दगड घेणार असाल तर भडक निळा, राणी रंगाचा अकीक रंगवलेला असतो असंच समजा. काळा ऑनिक्ससुद्धा बहुधा साखरेच्या पाण्यात मुरवून आम्लानं काळा केलेला असतो, ही युक्ती फार जुनी. फिरोजा म्हणून हाउलाइट नावाचा पांढरा दगड रंगवून गळ्यात मारतात. रंगवलेला विकायला हरकत नाही, न सांगता विकायला आहे. राशीचा खडा मागायलाही लोक येतात. मी कानातली विकते, साडेसाती नाही.

दराचं गणित मी उशिरा शिकले. घरचे म्हणाले, शंभराच्या वर कोण घेतंय? म्हणून शंभर. मग एकदा मांडून बघितलं. दगड, पूड, वीज, पात्याची झीज, हुक, डबी मिळून ऐंशी. एका जोडीला माझा हात सगळा मिळून पन्नास मिनिटं लागतो, ताशी दीडशे धरले तर सव्वाशे. झाले दोनशे पाच. ज्या दुकानात माल ठेवते ते शंभरामागे पस्तीस घेतात. म्हणजे ३१५ ला विकलं तर मी फक्त बरोबरीत. आता साध्या जोडीचा दर ३८० आहे, प्रदर्शनातही तोच. तिथं स्वस्त दिलं तर दुकानदार पुन्हा दारात उभं करत नाही.

प्रदर्शनाला आरसा न्या. दोन न्या, एक उंच बायकांसाठी. मी पहिल्यांदा नेला नव्हता, बायका मोबाइलचा कॅमेरा उघडून बघायच्या, त्यात एखादा मेसेज यायचा आणि गिऱ्हाईक गेलं. संक्रांतीच्या आधी हळदीकुंकवाच्या वाणासाठी एकदम एक्कावन्न जोड मागणाऱ्या येतात आणि पन्नास रुपयांत मागतात. त्यांना नाही म्हणू नका, ड्रममधले छोटे दगड टॉप्स करून त्यासाठीच ठेवा. फोटो सकाळच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, नाही तर "फोटोत मोठं वाटलं होतं" हे ठरलेलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडून कारागिरांचं पेहचान कार्ड मिळतं, सरकारी मेळाव्यांना अर्ज करताना ते उपयोगी पडतं. छोट्या उलाढालीवर राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्सवर विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी लागत नाही, पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. परराज्यात पाठवायचं ठरलं की आधी सीएला भेटा.

आणि एक. प्रत्येक गोट्याची तिसरी चकती मी विकत नाही. कागदाच्या पुडीत घालून, वर जोडीचा नंबर टाकून बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवते. दोन कानांतलं एक हरवतंच, कधी एसटीत, कधी लग्नाच्या हॉलवर, आणि दुसरं मुठीत घेऊन बायका परत येतात. गेल्या आठवड्यात एक आजी आल्या, नातीनं दिलेलं एकच कानातलं रुमालात बांधून. ४७ नंबरची पुडी उघडली. पट्टे थोडे सरकलेले होते, पण वजन बरोबर भरलं. आजींनी ते कानात घातलं, आरसा हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती झाले?" मी दीडशे सांगितले. त्यांनी एकशे वीस दिले.