स्वेटरसाठी दुहेरी दाण्याची वीण

मराठवाड्यातली थंडी थोड्या दिवसांची, पण परभणीकडे एखाद्या पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. वेळ अमावस्येला रानात जाताना पोराच्या अंगात घरचा स्वेटर हवा असेल, तर दिवाळीचा फराळ आटोपला की लगेच टाके घाला. दुहेरी दाण्याची वीण त्यासाठी फार चांगली. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कडा वळत नाहीत आणि सुलट-उलट एवढेच टाके आले तरी पुरे. ज्वारीचे दाणे कणसात बसावेत तसे टाके एकमेकांत बसतात.

खालची मापे सहा वर्षांच्या मुलाची, तयार स्वेटरचा घेर 68 सेंटिमीटर धरून दिली आहेत. मध्यम जाडीची, घट्ट पिळाची लोकर 250 ते 300 ग्रॅम लागते. सगळे गोळे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्या. वेष्टणावरचा लॉट नंबर जुळवूनच पैसे द्या. रंग फिका आणि एकरंगी असावा. काळ्या किंवा शेडच्या लोकरीत दाणा दिसतच नाही, मेहनत वाया जाते. सुया 8 आणि 10 नंबरच्या, म्हणजे 4 आणि 3.25 मिलिमीटरच्या. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात विसरू नका.

आधी 8 नंबरवर 30 टाक्यांचा, 36 ओळींचा तुकडा विणा. धुऊन वाळवा, मगच मधले 10 सेंटिमीटर मोजा. ही वीण धुतल्यावर आडवी पसरते. 22 टाके भरायला हवेत. 20 भरले तर पाठ 3 सेंटिमीटरने आणि घेर 6 सेंटिमीटरने ढगळ होईल. अशा वेळी 9 नंबर घ्या. 24 भरले तर 7 नंबर.

पाठीसाठी 10 नंबरवर 76 टाके घालून एक सुलट, एक उलट अशी 5 सेंटिमीटर बॉर्डर करा. मग 8 नंबर. दोन्ही टोकांचा एकेक टाका शिलाईसाठी: समोरून सुलट, मागून उलट. मधल्या 74 टाक्यांवर:

ओळ 1 आणि 2: एक सुलट, एक उलट.
ओळ 3 आणि 4: एक उलट, एक सुलट.

याच चार ओळी पुन्हा पुन्हा.

चूक होते ती बहुधा ओळीचा हिशेब सुटल्यामुळे. तोंडाने मोजण्यापेक्षा सुईवरचा टाका बघा. गळ्याशी आडवी गाठ असेल तर समोर उलट टाका आहे. गुळगुळीत, इंग्रजी व्हीसारखा दिसला तर सुलट. सम ओळीत दिसेल तसाच विणायचा, विषम ओळीत त्याच्या विरुद्ध. उभ्या रेघा उमटू लागल्या तर अदलाबदल राहून गेली. दाणे बारीक, एकाआड एक आले तर ती प्रत्येक ओळीत झाली.

सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणा. तो सुईवरून आला तर एक टाका वाढतो आणि भोक पडते. म्हणून प्रत्येक सम ओळीच्या शेवटी 76 मोजा. एखादाच टाका चुकला तर सगळे उसवू नका. तेवढा टाका खाली सोडून क्रोशाच्या सुईने वर आणा: सुलटसाठी आडवा धागा मागे ठेवून क्रोशा समोरून घाला, उलटसाठी धागा पुढे ठेवून मागून.

मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या जागी, बहुतेकांची वीण बिघडते. दोन्ही बाजूंचे 4-4 टाके बंद करा, मग एक ओळ सोडून प्रत्येकी एकेक, असे चार वेळा कमी करा, 60 उरतात. एक टाका कमी झाला की ओळीची सुरुवात बदलते, त्यामुळे वरचे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. घट कडेच्या टाक्याच्या आत करा आणि पुढचा टाका खालचा बघूनच विणा.

धुताना बोअरच्या जड पाण्यात साबण कमी वापरा, तो नीट निघत नाही. पिळू नका; टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवा. ॲक्रिलिक लोकरीवर इस्त्री अजिबात नको. एकदा चपटा झालेला दाणा पुन्हा उठत नाही.