यीस्ट स्टार्टर: गुळाला हात लावू नका

घरी बिअर करताना यीस्ट आधी थोड्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) गोड पाण्यात, वाढवून घेतात; तो स्टार्टर. परवान्याशिवाय मद्य तयार करायला कर्नाटकात मनाई आहे, निपाणीपलीकडे महाराष्ट्रातही. ते आधी बघून घ्या.

द्रव यीस्टच्या पाकिटात भरताना साधारण 100 अब्ज पेशी असतात. दोन महिन्यांनी साठेक जिवंत धरा. एप्रिल-मेच्या उन्हात बर्फाविना पार्सल आलं तर त्याहून कमी. 1.048 गुरुत्वाच्या (पाण्याच्या 1.048 पट घनतेच्या) 20 लिटर एलला, म्हणजे उबदार हवेत आंबणाऱ्या बिअरला, 180 अब्ज लागतात; थंडाव्यात आंबणाऱ्या लागरला दुप्पट. ही तूट स्टार्टर भरून काढतो. कोरडं यीस्ट असेल तर या भानगडीत पडूच नका. दहापट वजनाच्या, 30 ते 35 अंश कोमट पाण्यात 15 मिनिटं भिजवलं की झालं.

लिटरभर पाण्याला 100 ग्रॅम कोरडा माल्ट अर्क घ्या. तो मिळाला नाही तर 200 ग्रॅम भरडलेला जवाचा माल्ट 1.3 लिटर पाण्यात 66 अंशांवर तासभर ठेवा, गाळा आणि आटवून लिटरभर करा. आपल्याकडे गूळ-साखरेची ददात नाही, म्हणून मोह होतो. पण साखरेत नत्र नाही, आणि साखरेवर पोसलेलं यीस्ट पुढे माल्टोज (माल्टमधली मुख्य साखर) खायला आळस करतं.

वर्ट 15 मिनिटं उकळा. बेळगाव साडेसातशे मीटरवर, पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. लगेच वापरायला तेवढं पुरतं. बाटल्यांत भरून ठेवायचं असेल तर मात्र कुकरच हवा, कारण उकळीत काही जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. बाटल्या कुकरातल्या पाण्यात उभ्या करा, पूर्ण दाबावर 20 मिनिटं ठेवा. वर्ट थेट कुकरात ओतू नका, फेसाने वाफेची नळी तुंबते. दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचललीत की बाटलीतलं सगळं उतू जातं. साधी काचेची बरणी गरम असताना गार पाण्यात ठेवली की तडकते, म्हणून प्रयोगशाळेचा फ्लास्क बरा.

वर्ट 20 ते 24 अंशांवर आलं की यीस्ट घाला. भांडं निम्म्यापेक्षा फार भरू नका. तोंडावर उकळत्या पाण्यातून काढलेली फॉइल सैल बसवा, घट्ट झाकणाने भांडं फुटेल. चुंबकीय ढवळणी असेल तर वरच्या हिशेबाला दीड लिटर पुरतो. ती नसेल तर दोन लिटर करा आणि जाता-येता हलवत राहा. लाईट गेली तरी तोच उपाय. पावसाळ्यात खोलीचं तापमान आयतं जुळतं. उन्हाळ्यात भांडं पाण्याच्या बादलीत ठेवून वर ओला पंचा टाका.

24 ते 36 तासांत फेस येऊन बसतो. कधी फेस दिसतच नाही, घाबरू नका; तळाशी पांढरट साका जमला म्हणजे काम झालं. मग दिवसभर फ्रीजमध्ये ठेवा, वरची निवळ ओतून द्या, साका उरल्या थेंबभर पाण्यात हलवून बिअरच्या वर्टमध्ये घाला. फ्रीजमधून काढल्यावर तासभर बाहेर ठेवायला विसरू नका.

पावासारखा, सफरचंदासारखा वास चालतो. लागर यीस्टला गंधकाचा वासही येतो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला किंवा वर पापुद्रा धरला तर सरळ फेकून द्या. वीस लिटर वर्टपुढे दीड-दोनशे ग्रॅम अर्काची किंमत काय!