‘ॲसेट’ शब्द वापरताना या चुका टाळा

घर, सोनं, शेअर्स, हुशार सहकारी, सगळ्यांनाच आपण सर्रास ‘ॲसेट’ म्हणतो. शब्द तोंडात इतका बसलाय की अर्थ तपासायची गरजच वाटत नाही. मग ताळेबंद, म्हणजे बॅलन्स शीट, वाचताना किंवा भाषांतर करताना गाडी अडते.

शब्दाची फोड ‘सेट’पाशी करणं. या शब्दाचा ‘सेट’शी काहीही संबंध नाही. मूळ लॅटिन ‘अद सातिस’, म्हणजे पुरेसं होईल इतकं. त्यावरून जुन्या फ्रेंचमधला ‘असेत्स’ आला. ‘सॅटिस्फाय’ आणि ‘सॅच्युरेट’ हे त्याच ‘सातिस’च्या गोतावळ्यातले. इंग्लंडमध्ये न्यायालयात फ्रेंचऐवजी इंग्रजी बोलावं असा कायदा 1362 साली झाला, तरी वकिलांची फ्रेंच पुढे कित्येक पिढ्या टिकली, आणि हा शब्द तिच्यातूनच इंग्रजीत उतरला.

शेवटचा ‘त्स’ हा मूळ उच्चाराचाच भाग होता. इंग्रजांच्या कानाला तो अनेकवचनासारखा वाटला आणि 19व्या शतकात त्यातून एकवचनी ‘ॲसेट’ घडला. ‘पीज’ हे अनेकवचन समजून ‘पी’, म्हणजे वाटाणा, हा शब्द असाच तयार झाला होता.

कर्ज विसरणं. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. शब्दाचा जन्म मृत्युपत्राच्या व्यवहारातला. माणूस गेला की धनको दारात उभे राहत. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला न्यायालयात सांगावं लागे की देणी फेडायला हाती पुरेसं आहे की नाही. हे ‘पुरेसं’ म्हणजेच ‘ॲसेट्स’. देण्यांशी असलेलं हे नातं ताळेबंदात आजही दिसतं: एकूण मत्ता (ॲसेट्स) म्हणजे देणी (लायबिलिटी) अधिक मालकाचं भांडवल. घराची किंमत 100 आणि त्यावरचं कर्ज 90 असेल, तर ॲसेट 100 चंच; पण तुमचं स्वतःचं त्यात फक्त 10. ‘माझे ॲसेट्स इतके’ असं सांगणाऱ्याला म्हणूनच लगेच विचारावं, देणी किती?

‘पैसे आणतं ते ॲसेट, पैसे खातं ती लायबिलिटी’ हे वाक्यही खूप फिरतं. खर्चाला लगाम घालायला ते ठीक आहे, हिशेबाला नाही. गाडी इंधन खाते, तिची किंमत दरवर्षी घसरते, तरी ती ॲसेटच. लायबिलिटी असतं ते तिच्यावरचं कर्ज.

मालकी म्हणजेच ॲसेट असं धरणं. आंतरराष्ट्रीय लेखामानकांच्या 2018च्या संकल्पनात्मक चौकटीत मालकीवर नव्हे, नियंत्रणावर भर आहे. संसाधन पूर्वीच्या व्यवहारातून हाती आलेलं असावं, त्यातून आर्थिक लाभ होण्याची क्षमता असावी आणि त्यावर संस्थेचा ताबा असावा. म्हणून दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर घेतलेलं विमान दुसऱ्याच्या मालकीचं असलं, तरी ते वापरण्याचा हक्क विमान कंपनीच्या ताळेबंदात ॲसेट म्हणून दिसतो. 2019पासून लागू झालेल्या मानकाने हे सक्तीचं केलं. उलट ‘कर्मचारी हेच आमचे खरे ॲसेट’ असं कंपनी कितीही मनापासून म्हणो, ताळेबंदात त्यांची नोंद होत नाही, कारण माणसावर तसा ताबा नसतो. स्वतः उभारलेल्या ब्रँडचीही नोंद होत नाही. तोच ब्रँड दुसऱ्याकडून विकत घेतला तर होते. अनेकांना हे खटकतं, पण विकत घेताना मोजलेली रक्कम पक्की असते, घरच्या ब्रँडची किंमत मात्र अंदाजावर सोडावी लागते.

सगळीकडे ‘मालमत्ता’ ठोकणं. कायदा आणि हिशेबात हा शब्द चालतो. ‘ती संघासाठी ॲसेट आहे’ याचं ‘ती संघाची मालमत्ता आहे’ केलं तर अर्थाचा अनर्थ होतो आणि त्या व्यक्तीचा अपमानही. तिथे ‘जमेची बाजू’ हा आपला शब्द चपखल बसतो, आणि तोही वहीखात्यातूनच आलेला. हेरकथेतला ॲसेट म्हणजे गुप्तचर यंत्रणेच्या हाताशी असलेला माणूस. संदर्भ पाहून ‘खबऱ्या’ लिहावं. गेम किंवा वेबसाइट बनवणाऱ्यांचे ॲसेट्स म्हणजे चित्रं, आवाज, फाँट यांच्या फायली. तिथे मात्र ‘ॲसेट’च राहू द्यावा, काम करणाऱ्यांना तोच कळतो.