युकेत स्टॅटिस्टिक्सचा पोस्टडॉक: डेटा स्ट्रीममधल्या अनॉमलीवर काम करायचंय तर

पीएचडी संपत आलीये आणि चेंजपॉइंट (डेटाचं वागणं नेमकं कुठे बदललं ते शोधणं), अनॉमली डिटेक्शन (वेगळे, खटकणारे आकडे पकडणं) यातच पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, करायचा असेल तर युकेतलं लँकेस्टर विद्यापीठ आधी बघा, इडरिस एकली आणि पॉल फर्नहेड तिथलेच, रेबेका किलिकसोबत २०१२ चा पेल्ट हा चेंजपॉइंट शोधायचा अल्गोरिदम त्यांनीच दिला. जाहिराती जॉब्स डॉट एसी डॉट युके वर येतात, पण पोस्टचं नाव बऱ्याचदा रिसर्च असोसिएट असतं, नुसतं पोस्टडॉक टाकून शोधू नका.

खरी मेहनत सपोर्टिंग स्टेटमेंटवर, म्हणजे आपण या पोस्टसाठी कसे योग्य ते सांगणाऱ्या अर्जातल्या लिखाणावर घ्या. जाहिरातीसोबत पर्सन स्पेसिफिकेशन, म्हणजे उमेदवारात काय हवं त्याची यादी असते, त्यातला एकेक इसेन्शियल मुद्दा घेऊन त्याखाली आपला पुरावा लिहायचा, कारण शॉर्टलिस्ट त्यावरच होते. आपल्याकडची कितीतरी हुशार मुलं सगळीकडे एकच सीव्ही पाठवतात, बघून खरंच वाईट वाटतं.

इंटरव्ह्यूआधी पेजचं १९५४ चं क्युसम (फरकांची बेरीज करत जाऊन बदल पकडायची पद्धत) अगदी मुळापासून समजून घ्या. स्ट्रीम, म्हणजे सतत येत राहणारा डेटा, थांबत नाही, म्हणून प्रत्येक नव्या आकड्याला लागणारा वेळ आणि मेमरी मर्यादेत हवी, आणि थ्रेशोल्ड (अलार्म वाजायची मर्यादा) खाली आणला की बदल लवकर कळतो पण खोटे अलार्म वाढतात, ही ओढाताण उदाहरण देऊन सांगता आली पाहिजे. सेन्सरचे आकडे एकमेकांवर अवलंबून असतात, ते स्वतंत्र धरले तर अलार्म वाजतच राहतात, हा मुद्दा तुम्ही स्वतःहून काढा.

आपला कोड आर किंवा पायथनमध्ये लिहून गिटहबवर ठेवा. जाहिरातीत ज्यांचं नाव असेल त्यांना आधी छोटी मेल टाकायला लाजू नका, प्रोजेक्टचा डेटा कुठला एवढं विचारलं तरी चालतं.